जाळीमागची गिटार

आखातातल्या आमच्या फुजैराच्या घरात खिडकीतला एसी वर्षातले नऊ महिने बंद होत नसे. बंद केला की पाच मिनिटांत भिंतींना घाम फुटायचा. त्याची घरघर इतकी सवयीची झाली होती, की सुट्टीत वसईला गेलं की पहिले दोन दिवस मला कान बधिर झाल्यासारखं वाटायचं. बाबा त्या घरघरीवर गिटार जुळवून घेत. "हा डीचा सूर आहे," ते म्हणायचे, "जरासा उतरलेला. पण इमानदार आहे, रोज तिथेच असतो." गिटार जुळली, की मम्मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. तिला गाण्याचा राग नव्हता. पण बाबा एकच ओळ चाळीस वेळा वाजवत, आणि एकेचाळिसाव्या वेळी आता पुढची ओळ येईल अशी आशा वाटत असतानाच पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्या दाराआड ती सुके बोंबील भाजायची, आणि तो वास मात्र दाराला न जुमानता हॉलभर पसरायचा. माझं सगळं लहानपण त्या तीन गोष्टींत मावेल: एसीचा डी, अर्धवट ओळ आणि बोंबलाचा वास.

बाबा तेलाच्या टर्मिनलवर स्टोअरकीपर होते. समुद्रात जहाजं इंधन भरून घ्यायला रांग लावून उभी असत, आणि त्या सगळ्या पसाऱ्यातले पाइप, व्हॉल्व्ह, हातमोजे बाबांच्या गोदामातून जात. घरी आले की त्यांच्या शर्टाला डिझेलचा वास यायचा. गिटारीला हात लावायच्या आधी मात्र ते कोपरापर्यंत साबण लावून हात धूत. वसईला तरुणपणी ते लग्नांच्या बँडमध्ये हवाइयन गिटार वाजवायचे, मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी पट्टी घासून. हिंदी सिनेमाची गाणी आणि आमची लग्नाची गाणी. गल्फला येताना त्यांनी दोन बॅगा आणल्या. एका बॅगेत कपडे होते आणि दुसरीत कपड्यांत गुंडाळलेली गिटार, असं मम्मी सांगायची. सांगताना ती हसत नसे.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग मासळी बाजार, मग जेवण. आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीचे यासीनकाका राहत. जहाजांच्या सुट्या भागांच्या दुकानात ते नोकरीला होते आणि हौसेने ड्रम वाजवायचे. त्यांच्या घरून वाफवलेली सांदणं यायची, आमच्याकडून मैद्याचे तळलेले फुगे जायचे, आणि जेवण झालं की दोघे मिळून आमच्या हॉलमध्ये धुमाकूळ घालत. यासीनकाकांचा पूर्ण ड्रमसेट घरात मावत नसे, म्हणून ते मम्मीचं पिठाचं रिकामं पिंप उपडं करून वाजवत. ते पिंप पुन्हा पिठासाठी वापरायचं की नाही यावरून आमच्या घरात दर शनिवारी वाद होत असे.

त्या हॉलमध्ये कंट्री-रॉक आलं ते डेल अंकलमुळे. हे टेक्सासच्या एका खेड्यातले, जहाजांच्या टाक्या तपासायच्या कामावर आलेले, उंच आणि सावकाश बोलणारे गृहस्थ. चर्चच्या नाताळच्या कार्यक्रमात बाबांनी वसईचं एक हळदीचं गाणं गिटारीवर वाजवलं, तेव्हा डेल अंकल हातात केकची प्लेट घेऊन स्टेजजवळ आले आणि गाणं संपेपर्यंत केक न खाता उभे राहिले. मग इंग्रजीत म्हणाले, "असं रडवायला कुठे शिकलास?"

"लग्नांत," बाबा म्हणाले.

डेल अंकलना वाटलं बाबा थट्टा करतायत. पण पुढच्या शुक्रवारपासून ते कॅसेटींची पिशवी घेऊन आमच्याकडे जेवायला यायला लागले. मम्मीच्या कालवणाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी ते दुसऱ्यांदा मागून घ्यायचे, त्यामुळे मम्मीने त्यांना लगेच आपलं मानलं. मी आठवी-नववीत असेन. सोफ्याच्या हातावर बसून मी त्यांचं बोलणं ऐकत असे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या संगीतात एकही वस्तू मुळात एका जागची नव्हती. फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, स्कॉटलंड-आयर्लंडच्या गरीब माणसांनी बोटीतून आणलेलं. बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या आठवणीतून बनलेला. आणि तारांवर लोखंड घासून गिटार रडवायची युक्ती हवाई बेटांवरची. "म्हणजे तुझी आणि माझी गिटार एकाच बेटावरून निघाली," ते बाबांना म्हणाले. "एक पश्चिमेला गेली, एक पूर्वेला. इथे येऊन भेटल्या." मग शेतावरची, आगगाडीची, घर सोडून गेलेल्या माणसांची ती गाणी शहरातल्या लांब केसांच्या पोरांनी उचलली, त्यांना विजेची गिटार आणि ड्रम जोडले आणि जग फिरवलं.

बाबांनी हे सगळं यासीनकाकांना एका वाक्यात समजावलं होतं. "गावाकडचं गाणं आहे रे. त्याला करंट लावला आणि मागे तुझ्यासारखा एक धोपटणारा बसवला, की झालं कंट्री-रॉक."

"मग आपण काय वेगळं करतो?" यासीनकाका म्हणाले.

"काहीच नाही. फक्त आपल्याला कोणी कॅसेट काढायला बोलवत नाही."

हे ते हसत हसत म्हणाले होते. बाबा सगळंच हसत म्हणायचे. मला त्याचा फार राग यायचा, आणि आज हे लिहिताना लक्षात येतं की तो राग अजून पुरता गेलेला नाही.

डेल अंकलची बदली झाली तेव्हा त्यांनी आपली पेडल स्टील बाबांना देऊन टाकली. ही टेबलासारखी दिसणारी गिटार असते. चार पाय, वर दहा तारा, खाली पायांनी दाबायचे पेडल आणि गुडघ्यांनी ढकलायचे खटके. डाव्या हाताने लोखंड फिरवायचं, उजव्या हाताने छेडायचं, आणि त्याच वेळी पायांनी तारांचे सूर वाकवायचे. शिलाई मशीन, सायकल आणि गिटार एकाच वेळी चालवल्यासारखं ते दिसतं. बाबांनी ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा मम्मीने स्वयंपाकघराचं दार लावलं नाही. ती पिठाच्या हातांनी दारात उभी राहिली.

ती गिटार खोक्यातून काढून उभी करणं हे माझं काम झालं. चार पाय फिरवून बसवायचे, पेडलच्या सळ्या खालच्या हुकांत अडकवायच्या, गिटारीची वायर व्हॉल्यूम पेडलला, तिथून दुसरी अँपला, म्हणजे अँप्लिफायरला. मी हे सात मिनिटांत करत असे. वाजवायला मात्र परवानगी नव्हती. "आधी कान तयार होऊ दे," बाबा म्हणायचे. पुढे म्हणाले, "पाय पुरू देत." पाय पुरले तेव्हा म्हणाले, "दहावीचा शेवटचा पेपर झाला, की दुसऱ्या दिवशी तुला बसवतो. प्रॉमिस." मी कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती गोल काढला होता. इतर मुली परीक्षा संपल्यावर दुबईला खरेदीला जायची स्वप्नं बघत होत्या. मला फक्त त्या स्टुलावर बसायचं होतं.

बाबा, यासीनकाका आणि बेस गिटार वाजवणारा रोमेल नावाचा टर्मिनलवरचा एक फिलिपिनो वेल्डर, असा तिघांचा बँड झाला होता. समुद्रकाठच्या एका हॉटेलात दर शुक्रवारी दुपारी ते वाजवायचे. दुबईहून डोंगर ओलांडून आलेली कुटुंबं, टर्मिनलचे साहेब लोक, पोहून आलेली ओली मुलं, आणि कोपऱ्यात आमचे तिघे. कोणी फार लक्ष देत नसे, पण बाबांच्या चेहऱ्यावर मात्र त्या तीन तासांत काहीतरी उजळायचं. त्या हॉटेलचे मॅनेजर होते आल्विन सर. मुंबईचे, आमच्यासारखेच कॅथलिक, गोड बोलणारे. वाईट बातमी सांगताना ते समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवत, हे मला पुढे कळलं.

माझ्या परीक्षेला महिनाभर राहिला असताना त्यांनी आमच्या घरी येऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "इग्नेशियस, तुझं वाजवणं म्हणजे प्रश्नच नाही. पण काय आहे, गेस्टना एक फील पाहिजे. आम्ही शुक्रवारचा लंच अमेरिकन थीमवर करतोय. गवताच्या पेंढ्या, हॅट, सगळं. आता तिथे आपण तिघं-चौघं सावळी माणसं बसलेली… समजतोयस ना?"

मम्मी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

"केविन आहे ना, आपला डायव्हिंग शिकवणारा," आल्विन सर म्हणाले. "स्कॉटिश आहे, पण दिसायला चालतो. गातो पण बरा. तो पुढे गिटार घेऊन उभा राहील. त्याला वाजवता येत नाही, सो त्याची वायर लावायचीच नाही. तू मागे लाकडी जाळी असते ना, वेलींची, तिच्यामागे बसायचं. साउंड तुझा. लोकांना काय कळतंय?"

"म्हणजे वाजवणार मी आणि दिसणार तो," बाबा म्हणाले.

"तसं नको म्हणू रे. टीम आहे. ड्रमवाला पण मागे बसेल, हॅट घालून."

यासीनकाका तेव्हा आमच्याच घरी होते. ते उठले, चप्पल घातली आणि हिंदीत म्हणाले, "आल्विनभाई, मेरी तरफ से खलास." आणि जिना चढून वर गेले. मला वाटलं आता बाबाही उठतील. ते आपल्याच घरात बसले होते, उठून जाणार कुठे, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "जाळीमागे पंखा मिळेल का? तारा घामाने गंजतात."

आल्विन सर गेल्यावर मी बाबांवर ओरडले. तुम्हाला काही वाटत नाही का, यासीनकाकांना बघा, असं बरंच काही. बाबा म्हणाले, "यासीनचं बरोबर आहे. त्याला नाही जमणार. मला जमेल." एवढंच. मी जेवले नाही. मम्मीने माझं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या बाबांना मी बावीस वर्षं ओळखते. ते कधी कोणाला नाही म्हणालेत? मला पण नाही म्हणाले नाहीत." हे ती बाबांच्या बाजूने म्हणाली की माझ्या, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

पहिल्या शुक्रवारी मी गेलेच नाही. दुसऱ्या शुक्रवारी गिटार लावायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, कारण यासीनकाका आता येत नव्हते आणि रोमेललाही बोलावलं नव्हतं. ड्रम आणि बेस एका मशीनमधून वाजत होते. जाळीमागे जेमतेम एक स्टूल मावेल एवढी जागा होती. प्लॅस्टिकच्या वेलींवर धूळ बसली होती. पंखा होता, पण त्याची वायर पुरत नव्हती, त्यामुळे तो बाबांऐवजी भिंतीला वारा घालत होता. मी गिटार उभी केली, वायरी लावल्या आणि अँपच्या बाजूला खाली बसले. जाळीच्या चौकोनांतून मला केविनची पाठ, त्याची हॅट आणि पलीकडे जेवणारी माणसं दिसत होती. दारातल्या फलकावर मोठ्या अक्षरांत 'अमेरिकेहून थेट' असं लिहिलेलं होतं.

बाबांनी त्या दिवशी जसं वाजवलं तसं मी कधी ऐकलं नव्हतं. कोणी बघत नाही म्हटल्यावर त्यांचं अंग सैल पडलं असावं. तिसऱ्या की चौथ्या गाण्यात मधला गिटारचा तुकडा आला. घर सोडून गेलेल्या माणसाचं ते गाणं होतं, आणि बाबांनी मूळ कॅसेटमधली ओळ सोडून दिली. एक सूर वर नेला, पेडलने हळूच वाकवला आणि खाली उतरताना त्याला आमच्या हळदीच्या गाण्यातला हेलकावा दिला. जेवणाऱ्यांचे चमचे थांबले. सगळी माणसं मान वर करून केविनकडे बघायला लागली. केविनची बोटं मुक्या तारांवर वरखाली होत होती. पुढच्या टेबलावरची एक बाई डोळे टिपत होती आणि तिचा नवरा केविनकडे अंगठा उंचावून दाखवत होता. कडेला आल्विन सर हात बांधून हसत उभे होते.

मी हात पुढे केला आणि अँपला लावलेली वायर उपटली.

आवाज गेला. मशीनचे ड्रम तेवढे ठकठकत राहिले. केविनची बोटं आणखी तीन-चार सेकंद चालत राहिली, मग थांबली. आता कळेल, मला वाटलं. आता सगळे उठतील, कोणीतरी विचारेल, कोणीतरी जाळीमागे येईल.

आल्विन सर माइकपाशी गेले आणि म्हणाले, "सॉरी, लेडीज अँड जेंटलमेन. छोटासा टेक्निकल प्रॉब्लेम." लोक हसले. एकाने शिट्टी वाजवली. वेटर पुन्हा फिरायला लागले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्यांनी माझ्या हातातली वायर काढून घेतली, हिसकावून नव्हे, अगदी हळू, लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घेतात तशी. वाकून ती परत अँपला लावली, मशीन पुन्हा पहिल्या ठेक्यावर आणलं आणि तोच तुकडा सुरुवातीपासून धरला. या वेळी कॅसेटमध्ये होता तसाच, एकही सूर इकडे-तिकडे न करता. आवाज परत आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. केविनने हॅट काढून अभिवादन केलं. चार वाजेपर्यंत कार्यक्रम ठरल्याप्रमाणे चालला.

घरी येताना गाडीत बाबा एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते, दोन थपडा मारल्या असत्या, तर मला भांडता तरी आलं असतं. पुढच्या शुक्रवारी गिटारीचं खोकं त्यांनी स्वतः उचललं. मी पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे. अभ्यास कर." दहावीचा शेवटचा पेपर झाला. गोल केलेला दिवस आला. मी सकाळी अंघोळ करून, केस बांधून हॉलमध्ये बसून राहिले. बाबा कामावर गेले, संध्याकाळी आले, साबणाने हात धुतले आणि गिटारीवर चादर घालून बातम्या बघत बसले. मी त्यांना आठवण करून दिली नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

आणि मग, एका शनिवारी, दारात केविन उभा. तो एकटा बरा माणूस निघाला, हेच मला सोसत नव्हतं. लाल झालेल्या चेहऱ्याने तो बाबांना म्हणाला, "तुमच्या सुरांवर मी टाळ्या घेतोय. मला लाज वाटते. मी आल्विनला सांगितलं, पण त्याने ऐकलं नाही. निदान तुम्ही काय करता ते मला शिकवा." बाबांनी त्याला आत घेतलं. मम्मीने त्याच्यापुढे फुगे ठेवले. त्या दिवसापासून दर शनिवारी केविन त्या स्टुलावर बसायचा, ज्याच्यावर मी कधीही बसले नव्हते, आणि मी आतल्या खोलीत अकरावीची पुस्तकं उघडून त्याचे धडे ऐकायचे. "आधी पाय, मग हात," बाबा सांगायचे. "सूर दाबू नकोस, त्याला तिथपर्यंत चालत जाऊ दे." त्याचं चुकलं की मला आधी कळायचं. पलंगाखाली माझे पाय बरोबर पेडल दाबत असायचे. दोन वर्षं चाललं ते. त्या शिकवणीतला शब्दन् शब्द मला पाठ आहे आणि माझ्या बोटांना त्यातलं काही येत नाही.

हॉटेलातली अमेरिकन थीम वर्षभरात उठली. मग अरबी आली, मग बॉलिवूड. आल्विन सर बढती घेऊन दुसरीकडे गेले. बाबा निवृत्त होऊन वसईला परतायला निघाले, तेव्हा त्यांनी पेडल स्टील केविनला देऊन टाकली. "इतकं ओझं कुठे नेऊ," म्हणाले. मी तोवर नोकरी करत होते, दुबईत. मला त्यांनी फोन करून विचारलंसुद्धा नाही.

हल्ली मी दुबईतच मरीनाला राहते, बाविसाव्या मजल्यावर. खालच्या रेस्टॉरंटांतून दिवसभर गाणी वर येतात, आणि ऐकायला बसलं की बाबांचं ते वाद्य जिथे तिथे सापडतं. सिनेमाच्या गाण्यात नायिका बसमध्ये बसली की मागे तेच. विम्याच्या जाहिरातीत मुलगा म्हाताऱ्या बापाच्या घराकडे निघाला की तेच. माझा मुलगा लॅपटॉपवर गाणी बनवतो. परवा त्याच्या खोलीतून तो वाकणारा सूर ऐकू आला आणि मी हातातलं काम टाकून धावले. "कोण वाजवतंय?" विचारलं.

"Nobody, Ma," तो म्हणाला. "It's a preset." म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरून ठेवलेला तयार आवाज.

मी त्याला पेडल, गुडघ्याचे खटके, हवाईची बेटं, सगळं सांगायला लागले. त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवून ऐकून घेतलं, आणि "Cool" म्हणाला. मला इतकी चीड आली, की मी जाऊन विनाकारण फ्रिज साफ केला.

पण मला सांगायचंय ते बाबा आमच्याकडे शेवटचे राहायला आले तेव्हाचं. मम्मी जाऊन वर्ष झालं होतं. डिसेंबर असल्याने दुपारीही बाल्कनीत बसता येत होतं. खाली कुठल्याशा रेस्टॉरंटात चार जणांचा बँड ती जुनी गाणी वाजवत होता. बाबा रेलिंगला हात टेकून ऐकत होते. त्यांचा उजवा पाय स्लिपरमध्ये किंचित वर-खाली होत होता. मी विचारायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"केविनला शिकवलंत. मला का नाही?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं, जणू हा प्रश्न ते रोज ऐकत होते. "तो माफी मागायला आला. तू आली नाहीस."

"माफी?" माझा आवाज चढला. "कशाची? मी तुमच्या बाजूने होते बाबा. त्या सगळ्या हॉटेलात तुमच्या बाजूने मी एकटी होते."

"माझ्या बाजूने होतीस, तर मला विचारायचं होतंस."

"काय विचारायचं होतं? ते लोक त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते."

"बघू देत की. ऐकत मला होते ना." ते माझ्याकडे वळले. "फिलू, आयुष्यभर लोक जेवत असताना मी वाजवलं. लग्नात पण, हॉटेलात पण. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी जेवण थांबवलं. मला जाळीतून दिसत होतं. तो सूर मी पुढे कुठे नेणार होतो, ते मला पण माहीत नव्हतं. आणि तू वायर काढलीस." मग ते म्हणाले, "मी वाजवत होतो ग."

मला खूप काही बोलायचं होतं. की त्यांनी हे पस्तीस वर्षं मनात ठेवायला नको होतं. की सोळा वर्षांच्या मुलीला एवढी शिक्षा नसते. की आल्विन सरांना त्यांनी एका शब्दाने कधी दुखावलं नाही, आणि मला मात्र त्या स्टुलापासून कायमचं लांब ठेवलं. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणाले, "सॉरी बाबा. तो तुकडा मोडायला नको होता मी."

त्यांनी मान हलवली. "झालं तर मग," म्हणाले. "मी पण तुला बसवायला हवं होतं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तू केस बांधून बसली होतीस, मी बघितलं होतं." आणि मग, "चल, भूक लागली. सुरमई तळलीयस ना?"

आम्ही आत जाऊन जेवलो. त्यांनी दोन तुकड्या खाल्ल्या आणि मुलाला टर्मिनलवरच्या गोष्टी सांगितल्या. तीन महिन्यांनी वसईला झोपेतच ते गेले. केविनचा स्कॉटलंडहून फोन आला. तो तिकडे एका गावच्या हॉलमध्ये मुलांना पेडल स्टील शिकवतो. फोनवर तो रडला, आणि मी, ज्या माणसाचा मी इतकी वर्षं हेवा केला, त्याची समजूत घालत बसले.

बाबांचा हिशोब त्या दुपारी मिटला. माझा मिटला नाही. मी त्यांचं म्हणणं पुन्हा पुन्हा मनात घोळवलंय, आणि दर वेळी मला ते पटतं. त्यांना ऐकलं जाणं पुरेसं होतं, आणि ते हिरावून घ्यायचा मला अधिकार नव्हता. हे सगळं कबूल केल्यावरही मी म्हणते, ती जाळी तिथे नको होती.